स्टंपामागचं तोंड

जिनिंगात जन्म घालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे अकोटात कोणाला सांगावं लागत नाही. हंगामात कापसातली सरकी काढायची यंत्रं सुरू झाली की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, आणि तरी त्याला निम्मंच ऐकू जातं. पण त्याचा एक फायदाही असतो. मुकादमाच्या पुढ्यात उभं राहून मुकादमाबद्दल काय वाट्टेल ते बोलावं. तो बिचारा मान डोलावत राहतो. कोणाची सून माहेरी जाऊन का बसली, कोणाचा पोरगा बारावीत कितव्यांदा बसला, अशा अकोटातल्या कितीतरी भानगडी पहिल्यांदा त्या गोंगाटातच बोलल्या गेल्या. जेवढा आवाज मोठा, तेवढं बोलणं बिनधोक, असा तिथला नियम.

बुधाजी तिथे तीस वर्षं फिटर होता. त्याची बायको केशरबाई दुपारी डबा घेऊन यायची आणि तीही ओरडूनच विचारायची, "भाजी खारट झाली का?" या दोघांचा मुलगा संघपाल. आवाज त्याला दोघांकडून मिळाला आणि तो नियमही. त्या नियमानंच पुढे त्याची सोयरीक मोडायची वेळ आणली.

क्रिकेट तो शिकला जिनिंगच्या आवारात. उन्हाळ्यात आवार रिकामं असायचं, पण दिवाळीनंतर कापूस यायचा आणि स्टंपांच्या बरोबर मागे घराएवढी गंजी लागायची. चेंडू एकदा त्या गंजीत घुसला की गेलाच. शोधायला गेलेलं पोरगं डोक्यापासून पायापर्यंत पांढरं होऊन यायचं आणि वर मुकादमाचा मार खायचं. म्हणून मागे उभा राहणारा असा पाहिजे, की ज्याच्या हातून काही सुटायला नको. ते काम संघपालकडे आलं. हात कामात आणि तोंड रिकामं. तोंड रिकामं ठेवणं त्या घरात कोणालाच जमलेलं नव्हतं.

चेंडू टाकायचा गोपाल. हा पुंजाराम पाटलाचा पोरगा, घराला घर लागून. पुंजारामची चाळीस एकर काळी जमीन आणि गोपालचं मनगट, दोन्ही गावात नाव घेण्यासारखी. लेगस्पिन टाकायचा, पण बोलायचा असा की दिवसाला चार शब्द दिले तर तिसऱ्या प्रहरी एक शिल्लक राहावा. म्हणून त्याच्या वाटचं बोलणंही संघपालच बोलायचा. आणि कोणता चेंडू टाकायचा हे सांगायला या दोघांना शाळेतली इंग्रजी नावं कधी लागली नाहीत. गल्ली होती ना!

"गोपाल्या, तुह्या बापासारखा टाक बे! निघाला अकोल्याले अन् पोचला दर्यापूरले!" म्हणजे चेंडू हातभर वळला पाहिजे. पुंजारामला बाजाराला जाताना वाटेत कोणीही भेटलं की तो त्याच्याच गाडीत बसून भलत्याच गावाला जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गंगूबाईसारखा!" म्हणजे सरळ येता येता एकदम तोंडावर उसळलेला. गंगूबाई गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवायची. दळण न्यायला गेलेल्या माणसाशी गोड बोलता बोलता ती कधी अंगावर येईल, याचा भरवसा नव्हता.

आणि तिसरा चेंडू होता डोमाजीकाका.

डोमाजी हे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले बडेबाबू. माणूस सज्जन, स्वच्छ, कोणाचं वाईट न चिंतणारा. पण उभ्या आयुष्यात त्यांनी कुठलीच गोष्ट आल्या दिवशी ठरवली नाही. घराला रंग कोणता द्यायचा हे ठरेपर्यंत जुन्या रंगाचे पोपडे पडून पडून घर आपोआप एका रंगाचं झालं. कूलर कोणत्या खिडकीत बसवावा याचा विचार करण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. घरचे घामाघूम आणि कूलर खोक्यात. काहीही विचारा, ते चष्मा काढणार, पुसणार, परत घालणार आणि म्हणणार, "पाहू." तेव्हा डोमाजीकाका म्हणजे असा चेंडू, जो येतो येतो म्हणतो आणि येत नाही. फलंदाज बॅट फिरवून मोकळा होतो, चेंडू अजून वाटेतच असतो.

आता गंमत अशी की संघपालला ज्या मुलीशी लग्न करायचं होतं, ती याच डोमाजींची प्रियदर्शनी.

ती अमरावतीला औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकत होती आणि संघपाल तिथल्याच एका क्लबात सरावाला जात होता. शनिवारची अकोटची एसटी दोघांना एकच लागायची. दर्यापूर येईपर्यंत संघपाल बोलायचा आणि दर्यापूरनंतर ती त्याला गप्प करायची. असा प्रवास दोन वर्षं झाल्यावर तिनंच एक दिवस विचारलं, "संघ्या, तू माह्याशी लग्न करतं, का सारी जिंदगी खिडकीतली जागाच धरून ठेवतं?"

केशरबाई पदर खोचून डोमाजींकडे गेली. "भाऊ, पोट्ट्यायनं आपसात ठरवलंच हाय. तुमी फक्त हाव म्हना."

डोमाजींनी चष्मा काढला. "मी नाई कुठी म्हनून राहिलो? पोरगा चांगला हाय. पाहू. पयले विदर्भाकडून खेळू द्या त्याले."

आणि इथून संघपालच्या कारकिर्दीला खरी गती आली. लोक म्हणतात मेहनत, लोक म्हणतात गुण. अकोटात विचाराल तर सांगतील, ती कारकीर्द डोमाजीकाकांनी घडवली. पोरगं एक पायरी चढलं की हे वर आणखी एक बांधून तयार.

तेवीस वर्षांखालच्या विदर्भ संघात तो आला. प्रियदर्शनी बापाकडे गेली.

"ते पोट्ट्यायचं असते," डोमाजी म्हणाले. "रणजी खेळू दे."

रणजी खेळला. "एका मॅचचं काय असते? पुरा हंगाम होऊ दे."

हंगाम झाला. "स्टंपामागं उभं राहनं ठीक हाय, पन एखादं शतक?"

सातव्या नंबरावर जाऊन शतक करायचं म्हणजे समोर कोणीतरी टिकलं पाहिजे. त्याला दोन वर्षं लागली. शेवटी नागपूरला गोपालनं अकराव्या नंबरावर येऊन दीड तास नुसते चेंडू अडवले आणि संघपालचे एकशे तीन झाले. त्या दीड तासात गोपाल फक्त एकदा बोलला. "लवकर कर. भूक लागली."

"शंभर झाले बाबा," प्रियदर्शनीनं सांगितलं. ती आता अमरावतीच्या एका दवाखान्यात औषधांचं दुकान सांभाळत होती.

"भारताची अ टीम असते म्हंतात..."

"अन् तिच्यानंतर? चंद्रावर पाठोता का त्याले?"

"पाहू," डोमाजी म्हणाले.

स्टंपामागच्या तोंडाचा या सगळ्या पायऱ्यांवर बोभाटा झाला होता. रणजीचे पहिले प्रशिक्षक बाहेरचे आणि कडक शिस्तीचे होते. त्यांनी संघपालला दम भरला, "मागून फक्त टाळ्या. तोंडातून शब्द काढायचा नाही." संघपालनं दिवसभर ऐकलं. दोन झेल सोडले, एक यष्टिचीत घालवला, गोपालला एकोणीस षटकांत काही मिळालं नाही. संध्याकाळी प्रशिक्षक स्वतः खोलीत आले. "उद्यापासून बोल बाबा."

एकदा मुंबईचा एक नावाजलेला फलंदाज पंचांकडे तक्रार घेऊन गेला. "सर, हा मागून सारखा काय बोलतोय?"

पंच विदर्भातलेच होते. "गावच्या एका पिठाच्या गिरणीवाल्या बाईची गोष्ट सांगतो आहे," ते म्हणाले. "अर्ध्यावर आली आहे. तुम्ही खेळा, मला ऐकू द्या."

फलंदाज वाकून खेळपट्टी ठोकायला लागला की संघपाल विचारायचा, "दादा, काई हरपलं का? आमी शोधू लागतो." पण हे सगळं घडत होतं रिकाम्या मैदानांवर. तिथे प्रेक्षक म्हणजे दोन पेन्शनर, एक शेंगदाणेवाला आणि सावलीला आलेलं कुत्रं. त्यांच्यापैकी कोणीही अकोटला जाऊन काही सांगणार नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी, एकदिवसीय मालिका तोंडावर आलेली असताना, भारताच्या मुख्य यष्टिरक्षकाचं बोट मोडलं. दुसरा 'अ' संघाबरोबर परदेशात होता. गोपाल वर्षभरापूर्वीच भारताच्या संघात आला होता, आणि निवड समितीत कोणीतरी म्हणालं की याचे अवघड चेंडू नीट पकडतो तो एकच. संघपालला फोन आला. तो अमरावतीत दाढी करत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यानं पहिला फोन प्रियदर्शनीला केला आणि दुसरा घरी. केशरबाईनं बातमी बुधाजीला सांगितली ती अर्ध्या अकोटाला ऐकू गेली. वेगळं कोणाला कळवावं लागलं नाही.

डोमाजींची मात्र पंचाईत झाली. वर पायरीच उरली नव्हती. त्यांनी चष्मा दोनदा पुसला, भिंतीवरचं कॅलेंडर जवळ जाऊन पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तारीख दिली. "पंधरा तारखेले मॅच हाय ना? त्या दिवशी साऱ्या पाहुण्यायले बोलावू. मॅच झाली की सांगतो."

"काय सांगता?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"जे सांगाचं ते."

तिनं संघपालला लिहिलं, "बाबानं तारीख देली. मले ताप आल्यावानी वाटून राहिलं. तू फक्त नीट खेळ अन् काई भलतं करू नको."

पंधरा तारखेला डोमाजींच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. कूलर सुरू, आलूपोह्यांची परात भरलेली, टीव्हीवर मराठी समालोचन लावलेलं. मोठ्या बहिणीचा मान म्हणून धामणगाव रेल्वेहून आलेली सत्यवतीआत्या सगळ्यात पुढच्या खुर्चीत. तिला जरा कमी ऐकू यायचं. बुधाजी आणि केशरबाई होणाऱ्या व्याह्यांसारखे अवघडून बसलेले. गंगूबाई, पुंजाराम आणि अर्धी गल्ली दारातून डोकावत होती.

तिकडे मैदानावर संघपाल गप्प होता. आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना, पाहुण्या संघाची फलंदाजी, आणि याची जीभ टाळूला चिकटलेली. पहिल्या दहा षटकांत त्याच्या पायांमधून दोनदा चेंडू निघून गेला. गोपाल आला, त्याला एका षटकात दोन षटकार बसले. गोपालनं स्टंपांकडे पाहिलं. नेहमी तिथून आवाज यायचा. आज नुसते ग्लोव्हज दिसत होते.

षटक संपल्यावर तो चालत आला. "बोल ना बे," म्हणाला.

तेवढ्यात प्रेक्षकांनी लाट सुरू केली. चाळीस हजार माणसं, भोंगे, ढोल. संघपालनं डोळे मिटले आणि त्याला एकदम जिनिंगात उभं असल्यासारखं वाटलं. तोच घरघराट, तेच कान बधिर होणं. इतक्या गोंगाटात कोण ऐकतंय! स्टंपातल्या माइकची त्याला माहिती नव्हती असं नाही. पण तो माइक बॅटची कड लागली का एवढंच ऐकायला असतो, अशी त्याची पक्की समजूत. नाकाखाली हातभर अंतरावर तो होता, आणि चाळीस हजारांचा आवाज त्या माइकला बारीकच ऐकू जात होता. पण जिनिंगवाल्याचा आवाज?

"गोपाल्या, गंगूबाई येऊ दे!"

गंगूबाई उसळली, फलंदाजानं तिला डोक्यावरून सीमापार केलं. चौकार.

"मंग तुह्या बापासारखा!"

तो इतका वळला की पंचांनी दोन्ही हात पसरले. वाइड.

"हे कोनी कामाचं नाई," संघपाल खच्चून ओरडला. "डोमाजीकाकासारखा टाक! येतो येतो म्हनन अन् येनारच नाई! सा वर्स झाले, मी वाटच पाहून राहिलो!"

गोपालच्या चेहऱ्यावर सबंध सामन्यातलं पहिलं हसू आलं. त्यानं टाकला. फलंदाज दोन पावलं पुढे गेला, बॅट फिरली, चेंडू मागून निवांत आला आणि संघपालनं बेल्स उडवल्या.

"घ्या! घरी बसा आता! मी बी असाच बसलो होतो!"

अकोटात डोमाजींच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. चाळीस माणसांनी एकदम माना वळवल्या. सत्यवतीआत्यानं विचारलं, "डोमा, तुव्हं नाव काहून घेऊन राहिला तो पोरगा?" कोणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं, आणि ज्यांना आधी कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

समालोचक पुण्याचे होते, अभ्यासू. ते म्हणाले, "डोमाजी हा विदर्भातला फिरकीचा पारंपरिक प्रकार दिसतो. काळ्या मातीत चेंडू थांबून येतो, त्यावरून हे जुनं नाव पडलं असावं." दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात 'डोमाजी'ची आकृतीही आली, बोटं कशी धरायची ते दाखवणारी.

पाच षटकांनंतर दुसरा गेला. "काका, चष्मा पुसा, चष्मा!" संघपाल ओरडत होता. तिसरा गेला तेव्हा तर तो नाचला. "पाहू म्हन्ते अन् सा सा वर्स बसोते! साऱ्यायले बसोते!"

प्रियदर्शनी पोह्यांची परात घेऊन उभी होती. तिनं ओठ दाबून धरले होते, पण शेवटी तीच पहिली हसली. मग सगळेच हसले. डोमाजी उठले, बशी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. भारतानं सामना जिंकला. डोमाजींनी जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

सामन्याच्या दिवशी खेळाडूंचे फोन काढून घेतात. संघपालला फोन मिळाला तो बक्षीस समारंभानंतर, आणि पहिला आवाज आला आईचा.

"संघ्या, तुह्या तोंडाले कुलूप काहून नाई लागत रे? त्या मानसानं पाहुने जमा केले होते. हाव म्हनासाठी जमा केले होते! अन् तू टीव्हीवर त्याची वरात काढली!"

"माय, तुमाले ऐकू आलं?"

"आमाले? अमेरिकेत गेलं असन ते!" मागून बुधाजीचा आवाज आला, "तीन विकेटा पन गेल्या ना त्याच्यावर," आणि केशरबाईनं त्यालाही झापलं.

मग गंगूबाईनं फोन हिसकला. संघपालनं शिव्या खायची तयारी ठेवली.

"काहून रे, माह्या बॉलले चौका कसा बसला? गोपाल्यानं नीट टाकला नाई. मी अशी पडतो का? अन् डोमाजीले तीन विकेटा! पुंजाराम बी रुसून बसला हाय, वाइड देली म्हनून."

संघपालला तेव्हा यातलं काहीच नीट ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ते लावलेलं दार होतं. त्यानं डोमाजींना फोन लावला, उचलला नाही. रात्रभरात चार वेळा लावला, दुसऱ्या दिवशी सहा वेळा. प्रियदर्शनीचं उत्तर आलं, "बाबा बोलून नाई राहिले. पन इस्त्रीचा शर्ट घालून सकाळ-संध्याकाळ चौकात जाऊन बसतात. पयले कधी गेले नव्हते. कायले जातात ते मले समजून नाई राहिलं."

संघपाल ते समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं ठरवलं, आता हे नाव तोंडातून काढायचं नाही. कर्णधाराला वाटत होतं की डोमाजी हाच आपला हुकमी चेंडू. "वो डोमाजीवाला डालो," त्यानं बैठकीतच सांगितलं होतं. संघातली जागा एका बाजूला आणि सहा वर्षं दुसऱ्या बाजूला. संघपालनं सहा वर्षं धरली.

अठरा तारखेचा दुसरा सामना. त्यानं तोंड उघडं ठेवलं, पण ते नाव टाळून. गंगूबाई आली आणि या वेळी तिनं बळी घेतला. फलंदाजाच्या ग्लोव्हजला लागून चेंडू संघपालच्या हातात. अकोटात गंगूबाईनं गिरणी बंद केली आणि गल्लीभर पेढे वाटले. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. तिसाव्या षटकात गोपालला मार बसायला लागला. तो थांबून पाहत राहिला, नाव येण्याची वाट बघत.

संघपालला दुसरा माणूस आठवेना. डोमाजीसारखं अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हतंच. शेवटी तो ओरडला, "माह्यासारखा टाक!"

गोपाल निम्म्या वाटेवरून परत फिरला आणि स्टंपांपाशी आला. "तू कसा पडतं?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

"टाक ना बे, कसाबी!"

कसाबी टाकला. तो अजून प्रेक्षकांनी परत दिलेला नाही. भारत हरला. दुसऱ्या दिवशी लिहून आलं की यष्टिरक्षकात धार राहिली नाही. जखमी यष्टिरक्षकाचं बोट बरं होत आल्याचंही त्याच बातमीत होतं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत फोन वाजला. डोमाजी. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून फोन केला होता. संघपाल पलंगावरून उठून उभाच राहिला.

"काका, माह्याकडून लय मोठी चूक झाली, मी..."

"ते राहू दे," डोमाजी म्हणाले. आवाज दुखावलेला होता. "मले एक सांग. मले काहून बसोलं बाहेर?"

"आं?"

"टीममधून काहून काढलं मले? तीन विकेटा होत्या माह्या! काल दिवसभर टीव्हीसमोर बसून होतो. पन्नास ओव्हर! एकदा नाव नाई घेतलं तू. अन् ते गंगूबाई... पेढे वाटून राहिली! माह्या घरी बी पाठोले तिनं पेढे! चौकातले लोक इचारतात, काय बडेबाबू, ड्रॉप झाले का? काय सांगू मी त्यायले?"

मग संघपालच्या डोक्यात ते इस्त्रीचे शर्ट आले, आणि त्या चौकातल्या चकरा. तो हळूच पलंगावर बसला. तोंडाचा माणूस होता; घाबरला होता तोवर ठीक, आता त्याला तोंड सापडलं.

"काका, नाव घ्याची लय इच्छा होती. पन मायनं खडसावलं. म्हने, परक्या मानसाचं नाव असं टीव्हीवर घेत नसतात. घरच्यायचं घेतलं तर चालते."

"परका? मी परका?"

"मंग तुमी माहे कोन हा, सांगा ना. गंगूकाकूनं मले दळण देता देता मोठं केलं. पुंजाराममामाच्या घरी मी जेवलो. तुमच्या घरी सा वर्सापासून फक्त चहा पेऊन राहिलो."

पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. चष्मा पुसला जात असणार.

"परवाची मॅच कितीले हाय?" डोमाजींनी विचारलं.

"दुपारी दीडले. पन कोनते बॉल टाकाचे ते कॅप्टन उद्या सकाळीच पक्कं करते." हे साफ खोटं होतं.

"उद्या सत्यवतीआक्काले इचारतो अन्..."

"आत्याबाईले जोरात सांगा लागन काका. मॅच निघून जाईन."

यावर डोमाजींनी जे केलं, ते त्यांच्या कचेरीतल्या लोकांना सांगितलं तर अजून कोणी खरं मानत नाही. त्यांनी त्याच दिवशी, त्याच फोनवर, कोणालाही न विचारता निकाल दिला.

"ठीक हाय. देली पोरगी. घे माहं नाव."

संघपाल काही बोलायच्या आतच फोनमध्ये झटापटीचा आवाज झाला आणि प्रियदर्शनी आली. शनिवारची सुट्टी धरून ती घरीच होती, आणि एवढा वेळ बापाच्या खुर्चीमागे उभी होती.

"देली म्हंजे? मी काय कचेरीतला कागद हाव का, शिक्का मारला अन् पाठोला?" हे बापाला होतं. मग इकडे, "अन् तू, संघ्या. मायनं खडसावलं म्हने! लय हुशार झाला तू. ऐक आता. उन्हाळ्यात मी लग्न करत नसतो. पंचेचाळीस डिग्रीत शालू घालून मले भाजून घ्याचं नाई. डिसेंबरात."

"डिसेंबरात रणजी असते ना व," संघपाल म्हणाला.

"मंग एक मॅच सोड. मी सा वर्स सोडले."

तिसऱ्या सामन्यात पहिल्या डोमाजीला षटकार बसला. घरी डोमाजींनी गोपालचा हात सुटला असा निवाडा दिला, तोही तिथल्या तिथे. पुढच्या दोन डोमाजींवर दोन बळी मिळाले आणि मालिका भारताकडे आली. मुख्य यष्टिरक्षकाचं बोट पुढच्या महिन्यात बरं झालं. संघपालच्या नावावर आजवर सात एकदिवसीय सामने आहेत; आठवा होईल असं तो म्हणतो, बाकी कोणी म्हणत नाही.

डिसेंबरात त्यानं रणजीचा एक सामना सोडला. लग्न अकोटातच झालं. त्याच्या जागी विदर्भानं उभ्या केलेल्या पोरानं स्टंपामागे एक शब्द न बोलता सहा झेल घेतले आणि वर शतक ठोकलं. त्यामुळे संघपालला पुढचे दोन सामनेही घरी बसावं लागलं. ते त्यानं अमरावतीच्या नव्या भाड्याच्या घरात, प्रियदर्शनीच्या मोबाइलवर पाहिले. पोरगं स्टंपामागे गप्प उभं होतं, आणि त्याच्या वाटचं सगळं बोलणं संघपाल सोफ्यावरून बोलत होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुंदराबाई दार वाजवून आत आल्या. प्रियदर्शनी माफी मागायला पुढे झाली, तर त्यांनी तिला हातानं थांबवलं. "नाई व, आवाजाचं काई नाई," त्या म्हणाल्या. "मले फक्त एवढं सांग, त्या गिरणीवाल्या बाईचं पुढं काय झालं?"